डावी कूस

मिराबेलला कळा सुरू झाल्या आणि गोठ्यात सुरी नव्हती. गुरांचे डॉक्टर कोलार हात धुऊन उभे होते, पण पेटी त्यांनी ओदीलच्या शब्दाखातर गाडीतच ठेवली होती.

"आणा ती सुरी," ओदीलचा सासरा देझिरे कुरकुरला. "उगाच तमाशा! आपल्याकडे कधी गाय आपली आपण व्याली आहे का?"

"आज बघाच, पपा."

म्हातारा खोटं बोलत नव्हता. कोन्द्रोझच्या टेकड्यांवरच्या या पांढऱ्या-निळ्या गाई मांसासाठी नावाजलेल्या. पोटातल्या वासराचे स्नायू वाढत असतात तेव्हा एक प्रथिन त्यांना 'बास आता' म्हणतं. या जातीत ते प्रथिनच पिढ्यान्‌पिढ्या बिघडलेलं. वासरू पोटातच पैलवान होतं आणि वाटेत अडकतं. म्हणून गाय उभीच बांधायची, डावी कूस बधिर करायची, चिरायची, वासरू ओढून काढायचं आणि तिने मान वळवायच्या आत दुसरीकडे न्यायचं. सगळ्यांच्या गोठ्यांत हेच. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे.

मिराबेल ओदीलच्या माहेरची. लग्नात कालवड म्हणून आली आणि दर खेपेला त्याच कुशीवर चिरली गेली. गेल्या खेपेला टाके घालताना डॉक्टर म्हणाले होते, "आता इथे शिवायला धड कातडं उरलं नाही. पुन्हा चिरली तर गाय हाताला लागायची नाही."

देझिरेने लगेच खाटकाला निरोप धाडला. ओदील दारात आडवी उभी राहिली आणि म्हणाली, एक वासरू, फक्त एक, ज्याचं प्रथिन शाबूत आहे अशा परक्या जातीच्या वळूपासून होऊ द्या. ते सडपातळ होईल, आपल्या वाटेने येईल. आणि नाहीच आलं, तर मीच तिला खाटकाच्या गाडीत चढवीन.

"हरणाचं पाडस येणार बघ," म्हाताऱ्याने गाभणपणाचे सगळे महिने टोमणे मारले. "त्याचा रस्सासुद्धा पातळ व्हायचा."

आता मिराबेलने पाठीची कमान केली. दोन खूर दिसले. मग ओलं नाक.

"ओढू का गं?" म्हातारा हात पुढे करून सरसावला.

"ओढायचं नाही. नुसतं धरा."

एक कळ. आणखी एक. आणि वासरू सुळकन देझिरेच्या कवेत आलं. दोघंही पेंढ्यावर बसकण मारून पडली. वासरू शिंकलं. म्हातारा हसता हसता रडायला लागला. "अगं, व्याली की! आपली आपण व्याली! पोरी, जिंकलीस गं तू!"

डॉक्टरांनी टोपी काढून ओदीलला वाकून दाद दिली. तिचं तिकडे लक्ष नव्हतं.

"मिराबेल," तिने हाक मारली. "बघ तरी इकडे, बाई."

वासरू हंबरलं. मिराबेलने मान वळवली नाही. तिला आज कुणी बांधलंही नव्हतं. उजवं अंग भिंतीला घट्ट चिकटवून, डावी कूस डॉक्टरांपुढे धरून, ती डोळे मिटून थरथरत उभी होती. ते चिरायला कधी घेतात, याची वाट बघत.