घाटाखालचा भात

हॉलंडच्या म्हातारीनं बाजरीच्या भाकरीचा तुकडा ठेच्याला लावला आणि तोंडात टाकला. लगेच तिचं नाक लाल झालं, डोळ्यांतून पाणी आलं. तिचा नवरा हसत सुटला. रंगुबाईनं घाईनं ताकाचा तांब्या पुढं केला.

"दमानं खा म्हनावं. ठेचा हाय त्यो, शिरा न्हाई."

हे इंग्रजीत सांगायचं काम इब्राहिमकडं होतं. दौंड स्टेशनावर त्यानं वीस वर्षं गोऱ्या साहेबांना चहा-टोस्ट दिला होता. आता वरवंडला, सोलापूर रस्त्यावर, त्याचं स्वतःचं चहाचं दुकान होतं. दुपारी ही दोघं जीपगाडीतून तिथं उतरली, समोरच्या माळावरची मेंढरं बघून हरखली, म्हणून तो त्यांना इकडं घेऊन आला होता.

"जग बघायला निघालीत, वैनी. दोघंच. दीड वरीस झालं. मिळंल तिथं तंबू ठोकायचा, मिळंल ते खायाचं."

"म्हंजी आमच्यावानीच की," रंगुबाई म्हणाली.

पलीकडं तिचा मुलगा ज्योतिबा घोड्याचं खोगीर दुरुस्त करत होता. सून नकुशी पिठाची पोती शिवत होती. दसरा झाला होता. उद्या पहाटे मेंढरं कोकणाच्या वाटेला लागणार होती. या वर्षी तिचा नवरा म्हस्कू जाणार नव्हता. डॉक्टरनं त्याला चालायची बंदी केली होती. तो घोंगड्यावर टेकून बसला होता आणि श्वास घेताना त्याच्या छातीतून बारीक शिट्टी वाजत होती. रंगुबाईही मागं राहणार होती. कुणी विचारलं की सांगायची, "माझंबी वय झालं आता. न्हाई चालवत."

म्हातारीनं इब्राहिमला काही विचारलं.

"कोकणात काय खाता म्हनती."

रंगुबाई सावरून बसली. "तिला सांगा, वावरात मेंढरं बसवायची. लेंडीखत पडतंय, तवा वावराचा मालक भात देतो. लाल भात, घाटाखालचा. नदीकडंला तीन दगडं मांडायची. सुका जवळा तव्यावर परतायचा, वर आमसूल टाकायचं. चांदण्यात बसून खायाचं. आन् हे बोटं चाटत बसायचे, पोरावानी."

"खोटं बोलती," म्हस्कू म्हणाला. "बोटं तीच चाटायची."

"आन् वरंधा घाटात एकदा वाघ आला, ते सांगा. ह्यांनी जळतं लाकूड घेतलं. म्या दोन कोकरं पोटाशी धरली आन् वाघाला अशा शिव्या दिल्या, अशा शिव्या दिल्या..."

इब्राहिम गोऱ्या माणसांकडं वळला. "राईस. फिश. टायगर कम, टायगर गो."

"येवढंच? म्या किती बोलले!"

"इंग्रजीत थोडक्यात असतंय, वैनी."

मग म्हातारी बोलू लागली. ती हातांनी खड्डा दाखवायची, डोळे मिटून वास घ्यायची. इब्राहिम सांगत गेला. इराणात जमिनीतल्या भट्टीत रोट्या भाजतात, तिथल्या बायकांनी हिला शिकवलं. काबूलला एवढं मोठं कलिंगड दोघांनी रस्त्यात बसून संपवलं. एका डोंगरात वाऱ्यानं तंबू उडाला आणि ही रात्रभर नवऱ्याला मिठी मारून बसली. नवरा मध्येच काहीतरी म्हणाला आणि तिनं त्याला कोपरानं ढोसलं.

रंगुबाई हातातली भाकरी विसरून ऐकत होती.

"वय काय म्हनावं बाईचं?"

इब्राहिमनं विचारलं. "चौसष्ट."

"ऐकन्यात चुकी झाली तुमच्या. परत इचारा."

म्हातारीला प्रश्न कळला असावा. तिनं दोन्ही पंजे उघडून दाखवले. मिटले, पुन्हा उघडले. सहा वेळा. शेवटी चार बोटं उभी केली. रंगुबाई ओठांतल्या ओठांत मोजत होती. ती स्वतः फार तर पंचावन्नची असेल. मोजून झाल्यावर तिनं मान खाली घातली आणि परातीभोवती सांडलेलं पीठ बोटानं गोळा करू लागली.

म्हस्कू तिच्याकडं बघत होता.

ऊन कलल्यावर पाहुणे उठले. म्हातारीनं रंगुबाईचे दोन्ही हात हातात घेतले, काहीतरी बोलली. इब्राहिमनं त्याचं मराठी केलं नाही. जीपगाडी सोलापूरच्या दिशेनं गेली. रंगुबाई मात्र पश्चिमेकडं बघत उभी राहिली.

"तू जा," मागून म्हस्कू म्हणाला.

"कुठं?"

"खाली. पोरांसंगं."

"आन् तुमच्या भाकरीचं?"

म्हस्कू सरकत चुलीपाशी आला. परात पुढं ओढली, पीठ घेतलं, तांब्यातलं पाणी ओतलं. चाळीस वर्षं त्यानं तिनं थापलेली भाकरी खाल्ली होती. पिठाला कधी हात लावला नव्हता. त्याची भाकरी कडेनं चिरली, मग हातातच तिचे दोन तुकडे झाले. त्यानं ते पुन्हा जोडले. पुन्हा थापलं. छातीतली शिट्टी वाढली होती. भाकरी पुन्हा चिरली.

नकुशी धावत आली. "मामा, ऱ्हाऊ द्या, मी करते."

रंगुबाईनं हात आडवा धरून तिला थांबवलं. मग पदर खोचून ती नवऱ्याच्या शेजारी बसली. परातीला तिनं हात लावला नाही.

"पानी कोमट घ्या," ती म्हणाली. "आन् घाई करू नका. पहाटंला अजून येळ हाय."