छतावरून दिसतं तेवढं

"दिसतोय का तुझा नवरा?" आर्विदने विचारलं.

व्हर्ना कुबियाकने डोळ्यांवरची दुर्बीण काढली नाही. "दिसतोय."

"ती निळी सिग्रिडची गाडी आहे. तुझा पांढरा तिच्या मागे."

"आर्विद, तू तुझ्या पोरीकडे बघ."

दोघं स्टँडच्या छतावर उभी होती. कानांवर हेडफोन, हातात वॉकीटॉकी. शर्यतीच्या गाडीत बसलेल्याला आजूबाजूचं फारसं दिसत नाही. आतून कोण येतंय, बाहेरून कोण, हे वरून सांगायला प्रत्येकाचं एक माणूस लागतं. आर्विद टोलेफसन लेकीसाठी उभा होता, व्हर्ना लाइलसाठी. गावाकडच्या पाव मैलाच्या ट्रॅकवर ती वीस वर्षं हेच करत आली होती. तिथे लाइलने हाताची बोटं हलवली तरी तिला दिसायची. हा ट्रॅक दीड मैलाचा आणि छत सहा मजले उंच. गाड्या पलीकडच्या बाजूला गेल्या की नुसते रंग सरकताना दिसत.

खाली साठ हजार खुर्च्या होत्या. चारेकशे माणसं बसली होती. त्यातल्या निम्म्यांना आर्विद नावानिशी ओळखत होता.

"तीन तास गाडी हाकत आलेत बिचारे," तो म्हणाला. "ठिपके बघायला. आणि गाड्या किती, तर चौदा! बावीसपैकी आठ जण फिरकलेच नाहीत. मी तेव्हाच म्हणालो होतो…"

"म्हणालास. हिवाळ्यात म्हणालास, येताना पेट्रोल पंपावर म्हणालास, सकाळी अंडी खाताना म्हणालास. मतं घेतली ना? तेरा विरुद्ध नऊ. संपलं."

"तेरा झाली ती तू भाषण ठोकलंस म्हणून."

ते खरं होतं. फेब्रुवारीत, शुक्रवारचे तळलेले मासे खाऊन झाल्यावर सगळ्या शर्यतवाल्यांची बैठक बसली, तेव्हा व्हर्ना उठून बोलली होती. आपली माणसं जन्मभर पाव मैलातच गोल गोल फिरणार का? एकदा तरी त्यांना मोठ्या ट्रॅकवर जाऊ द्या. लाइल, सत्तावन्न वर्षांचा माणूस, आठवडाभर दुधाचा टँकर चालवायचा. घरी जाताना एवढंच म्हणाला, "छान बोललीस."

व्हर्नाने बटण दाबलं. "आतून एक येतोय. तुझ्या दाराशी आलाय. दाराशीच आहे… गेला. मोकळा."

"मोकळा," लाइल म्हणाला. मग थोड्या वेळाने, "कंटाळा येतो गं इथे. पेडल दाबून नुसतं बसून राहायचं."

"समोर बघ."

आर्विद हसला. व्हर्नाने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने हसू आवरलं.

एकसष्टाव्या फेरीत, तिसऱ्या वळणावर, तो पांढरा रंग भिंतीकडे सरकला आणि तिथेच थांबला. आवाज नंतर आला.

"लाइल."

तिने पुन्हा बटण दाबलं.

"लाइल, बोल."

पिवळे दिवे लागले. आर्विद लेकीला सांगत होता, "हळू घे, सिग्रिड, डाव्या बाजूने जा, लाइल आहे तिथे." धूर एवढा होता की दुर्बिणीतून गाडीचा तोंडाकडचा भाग कुठला आणि शेपटाकडचा कुठला ते कळेना. गावाकडे असती तर व्हर्ना एव्हाना त्याच्या खिडकीपाशी पोचली असती. दोनदा पोचलीही होती, रुग्णवाहिकेच्या आधी. एकदा तर पायात चप्पल नसताना.

तिने दुर्बीण आर्विदच्या छातीवर आदळली आणि जिन्याकडे धावली.

पहिलं दार आतून बंद. दुसऱ्या दाराने ती सहा मजले उतरली, गुडघे धरत, कठडा धरत. खाली जाळीचं फाटक होतं आणि फाटकाशी पिवळं जाकीट घातलेली एक पोरगी.

"पास?"

"माझा नवरा आहे तिकडे."

"हा पास छताचा आहे, मॅडम. आत जायला बोगद्याकडून जावं लागतं. तिकडे न्यायला गाडी येते इथे, दर वीस मिनिटांनी."

"वीस मिनिटांनी?"

"मी काय करू, मॅडम? मला असंच सांगितलंय."

व्हर्नाने दोन्ही हातांनी फाटक हलवलं. ते हललं नाही.

तेवढ्यात कानात खरखर झाली. आर्विद होता, लाइलच्या वाहिनीवर आलेला. त्याचा आवाज बदलला होता. "व्हर्ना, ऐक. खिडकीवरची जाळी खाली आली. त्यानेच टाकली, हात दिसला मला. म्हणजे ठीक आहे तो. आपल्या आपण बाहेर येतोय. ऐकलंस का? बसलाय भिंतीला टेकून."

ती फाटकाला कपाळ लावून उभी राहिली. पोरगी म्हणाली, "पाणी देऊ का?" व्हर्नाने मानेनेच नको म्हटलं.

मग लाइलचा आवाज आला. हेल्मेट काढलेलं असावं, लांबून बोलल्यासारखा.

"व्हर्ना? कुठे आहेस तू?"

"येतेय."

"कुठे आहेस पण?"

"येतेय म्हटलं ना! हात-पाय हलवून बघ आधी."

"हलतायत. ही रुग्णवाहिकेतली बाई सोडत नाही मला. म्हणे आज वार कोणता. मी म्हटलं शनिवार. बायकोचं नाव विचारलं, तेही सांगितलं." तो खोकला. "आता म्हणते, तुम्ही कुठल्या गावात आहात ते सांगा. काय गं गावाचं नाव?"

व्हर्नाने तोंड उघडलं. मग बटणावरचं बोट काढून ती त्या पोरीकडे वळली.

"बाळा," तिने विचारलं, "हे गाव कुठलं?"