वाळूचे डबे

डबे आज पुन्हा तिथेच होते. रंगाचे रिकामे डबे, तोंडापर्यंत वाळूने भरलेले, दुकानापुढच्या रस्त्यावर ओळीने मांडलेले. फुटपाथ आणि डबे यांच्या मधून सायकल मजेत जावी, पण गाडी लावायला आलेल्याचं डोकं फिरावं. पडदेवाल्याचं फिरलंच. त्याची सगळी गिऱ्हाइकं गाडीतून येणारी. पडदे काय कोणी सायकलच्या कॅरिअरला बांधून नेतं?

त्याने डबे उचलून कोपऱ्यात फेकायचे आणि सकाळी ते परत जागेवर. पहिला संशय शेजारच्या चष्मेवाल्यावर गेला, कारण तो हल्ली जरा जास्तच गोड बोलायचा. मग समोरच्या शिंप्यावर, कारण तो काहीच बोलायचा नाही. दोघांना एकत्र चहा पिताना पाहिलं तेव्हा तर त्याची खात्रीच पटली.

दुकानाच्या वरच घर. रात्री जेवताना त्याने बायकोला सगळं सांगितलं.

"असेल कोणीतरी," ती म्हणाली आणि भात वाढू लागली.

लेक ताटावरून उठून आत गेली. कॉलेजच्या जिन्यात पडून तिचा हात मोडला होता, तेव्हापासून ती त्याच्याशी तुटकच वागायची. प्लास्टर निघालं होतं, आता उद्यापासून पुन्हा सायकल काढणार होती. वयच तसं आहे, म्हणून त्याने सोडून दिलं. संशय घ्यायला बाहेर माणसं काय कमी होती?

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत तो खाली आला. शटर अर्धवट ओढून आत दबा धरून बसला. चष्मेवाल्याला काय काय सुनवायचं ते मनात घोळवत राहिला. तेवढ्यात डबा फरफटल्याचा आवाज आला. तो वाकून शटरखालून बाहेर आला आणि तसाच वाकलेला राहिला.

बाह्या सरसावून त्याची बायको डबा ओढत होती.

"तू? माझ्याच पोटावर पाय आणतेस?"

"आजपासून लेक सायकलवर निघणार. त्याआधी इथे गाड्या लावायची सवय मोडायला हवी होती. इथे गाड्या लागल्या की दारं कधी उघडतील, नेम नाही."

"जिन्यात पडलेल्या पोरीला दारांचं काय?"

बायकोने डबा सोडला. "जिन्यात नाही पडली ती. इथे पडली. तुम्ही गाडी लावलीत आणि मागे न बघता दार उघडलंत."

त्याला आठवलं. सायकलसकट आडवी झालेली कुणीतरी. डोक्याला हेल्मेट, तोंडाला रुमाल. त्याने नीट पाहिलंच नव्हतं. दारावरच्या ओरखड्यावरून बोट फिरवून त्याने मान वर केली, तोवर ती सायकल ढकलत कोपऱ्यावर पोचली होती. कटकट गेली, म्हणून त्याला बरंच वाटलं होतं.

तो डब्यावर बसला. "मग तिथेच का नाही बोलली?"

"बोलणारच होती. तुम्ही म्हणालात, 'अरेरे, केवढं लागलं.' तिला वाटलं, बाबांनी ओळखलं. तिने दुखरा हात पुढे केला," बायको म्हणाली. "तुम्ही दार पुसत होतात."