वारा आणि कडी

वाऱ्यापासून कडीपर्यंत रेघच नव्हती. अर्पितानं लॅपटॉप जवळ ओढला, नकाशा मोठा करून पाहिला, पुन्हा लहान केला. रेघ काही उगवली नाही. समोर ओसरीवर तिचे वडील गोरोबा, म्हणजे आप्पा, भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते आणि तो नकाशा त्यांच्याच मनाचा होता.

अर्पिताचं काम सांगायला सोपं होतं. माणसाला एक शब्द द्यायचा आणि त्यावरून चटकन सुचतील ते शब्द टिपून घ्यायचे. असे शेकडो शब्द जमले की कॉम्प्युटर प्रत्येक शब्दाचा एक ठिपका मांडतो आणि एकावरून दुसरा सुचला असेल तिथं रेघ ओढतो. ज्या ठिपक्याला रेघा जास्त तो मोठा. येडशीच्या चौकासारखा, कुठूनही कुठंही जायचं तरी तिथूनच जावं लागतं. माणूस तोंडानं काय वाट्टेल ते बोलो, त्याचं मन कोणत्या वाटेनं चालतं ते या जाळ्यात दिसतं, असं ती धाराशिवच्या कॉलेजात पोरापोरींना ऐटीत सांगायची. आपल्याच तेरखेड्यातल्या माणसांचे नकाशे काढायचं तिनं ठरवलं, तेव्हा आप्पांनी बरेच दिवस चालढकल केली. शेवटी लेकीपुढं त्यांचं काही चाललं नाही.

गावातल्या बाकी सगळ्यांच्या नकाशांत वारा, दार आणि कडी एकमेकांना घट्ट बांधलेले होते. त्याला कारणही तसंच होतं. अर्पिता लहान असताना माळावरच्या फटाक्यांच्या शेडला आग लागली आणि आत काम करणाऱ्या बायकांत तिची आई, द्वारकाबाई, गेली. असल्या शेडचं दार कामाच्या वेळी उघडं ठेवायचं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण माळावर वारं सुटलं की फटाक्याची दारू उडते, म्हणून बायका दार नुसतं लोटून घ्यायच्या. कडी मात्र कुणी म्हणजे कुणी लावायची नाही. त्या दिवशी ती बाहेरून लागलेली सापडली. आप्पा तेव्हा जवळच्या वाशीच्या बाजाराला गेले होते. वाऱ्यानं दार आपटलं आणि कडी आपोआप पडली, असं गाव तेव्हापासून सांगत आलं. आप्पाही तेच सांगत.

मग त्यांच्याच मनात ती रेघ का नसावी? कडीचा ठिपका तर सगळ्यांत मोठा होता, आईच्या नावाच्या ठिपक्याहूनही मोठा. अर्पिताची नजर घराच्या दाराकडं गेली. त्याला कडी नव्हती. घरातल्या एकाही दाराला नव्हती. कड्या गंजतात म्हणून आप्पांनी त्या उपटून टाकल्या होत्या आणि दार ते सुतळीनं बांधत. यात काही वावगं आहे असं तिला आजवर वाटलं नव्हतं. आता वाटलं. कडी वाऱ्यानं पडली नाही, हे आप्पांना माहीत होतं. म्हणजे ती कुणी लावली, हेही माहीत होतं.

या माणसानं तिला एकट्यानं वाढवलं होतं. वेणी घालायला ते शेजारणीकडून शिकले होते. विचारलं आणि नको ते उत्तर आलं, तर तिला जगात दुसरं कुणी उरत नव्हतं. तरी तिनं विचारलंच.

"आप्पा, कडी वाऱ्यानं पडली नव्हती ना?"

आप्पांनी मान वर केली नाही. "न्हाय," ते म्हणाले. "म्या लावली. बाजारातनं लवकर आलतो. वारं लई हुतं."

किती सहज म्हणाले. जणू हे उत्तर त्यांनी कधीचं तयार करून ठेवलं होतं. अर्पिताला त्यांचा राग आला, किळसही आली. ज्या हातांनी तिला घास भरवले त्या हातांकडं तिला बघवेना. आजच्याच एसटीनं मी निघते आणि पुन्हा येईन याचा भरवसा धरू नका, असं ती म्हणाली. आप्पांनी तिला अडवलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, की हे सगळं शिकताना तिनं स्वतःचा नकाशा काढला होता का.

काढला होता. सगळ्यांत आधी स्वतःचाच काढून बघायची पद्धत होती. तो नीट न्याहाळायची मात्र तिला कधी गरज वाटली नव्हती.

"त्यो उघडू नको, पोरी," आप्पा म्हणाले. त्यांच्या मांडीवरचं सूप घसरलं आणि शेंगा ओसरीभर पसरल्या.

तिनं उघडला. तिच्याही नकाशात वाऱ्यापासून कडीकडं रेघ नव्हती. एक वाट आईपासून निघत होती: आई, दार, खोकं, कडी. खोकं गावातल्या कुणाच्याच नकाशात या वाटेवर नव्हतं. फक्त आप्पांच्या होतं. तिनं त्यांचा नकाशा पुन्हा पुढं घेतला. लेकरू, खोकं, कडी. शेडच्या आतून आईनं तिला हाक मारली होती, दार लोट गं बाई, वारं सुटलंय. तेवढंच तिला आठवलं.

तिनं लॅपटॉप मिटला. तरी आप्पा बोलले.

"तू बारकी हुतीस. कडीला तुझा हात पुरत न्हवता, म्या सगळ्यांला ह्येच सांगितलं." सांडलेल्या शेंगा गोळा करता करता ते थांबले. "बाजारातनं येताना पयला म्याच पोचलो हुतो, तवर आत सगळं संपलं हुतं. लोक यायच्या आत दारापुढचं खोकं उचललं."