आधी श्वास

काचेच्या पेट्यांमध्ये अपुऱ्या दिवसांची बाळं झोपली होती. खाडीवरच्या वाऱ्यानं पडदे हलत होते. प्रत्येक पेटीवरचं यंत्र एकाच वायरीला जोडून ती सिस्टरांच्या टेबलापर्यंत नेताना ऋजुतालाही गुंगी येत होती.

“एवढी सगळी यंत्रं एका वायरीवर बोलणार, मग गोंधळ नाही होत?” शेवटच्या पेटीपाशी बसलेल्या नसरीननं हळूच विचारलं. त्या पेटीत तिचा मुलगा होता.

“नाही. आधी प्रत्येक यंत्र कानोसा घेतं. दोघांनी एकदम तोंड उघडलं, तर ज्याचा नंबर लहान ते बोलतं. दुसरं थांबतं.”

“माझ्या बाळाचा नंबर कितवा?”

ऋजुतानं लॅपटॉपवर पाहिलं. तिनं नंबर पेट्यांच्या रांगेनं दिले होते. म्हणजे या बाळाचा श्वास अडला, तरी आधी पहिल्या पेटीचं तापमान कळणार होतं. तिची गुंगी उतरली. तिनं सगळे नंबर पुसून नव्यानं दिले, पेट्यांना नव्हे, यंत्रांच्या निरोपांना. आधी श्वास, मग ठोके, तापमान सगळ्यांत शेवटी.

“आता माझं बाळ पहिलं?”

“ज्याचा श्वास अडेल, ते पहिलं.”

उन्हं कलताना सिस्टरांच्या टेबलावर शेवटच्या पेटीचा लाल दिवा लागला. सिस्टर धावत आल्या, त्यांनी बाळाच्या तळव्यावर टिचकी मारली. बाळ दचकलं, त्यानं श्वास घेतला आणि टाहो फोडला.

नसरीननं ऋजुताचा हात घट्ट धरला. दोघींनाही बोलायचं होतं, पण आधी त्यांनी त्याला पोटभर रडू दिलं.