सनरूफचं चलान

दुपारी नागसेनच्या मोबाइलवर चलान आलं. वर्धा रोडवर त्याच्या नव्या गाडीच्या सनरूफमधून कोणीतरी बाहेर उभं होतं, असं त्यात लिहिलं होतं. चलान रविवारचं होतं आणि त्या दिवशी गाडी मुलाकडे, सुगतकडे होती. संध्याकाळी बेसा भागातल्या घरी पोचेपर्यंत नागसेनचा जीव थाऱ्यावर नव्हता.

"कोणाले उभं केलं होतं वर?" त्यानं दारातूनच विचारलं. "कोणी खाली पडलं असतं तं?"

सुगतनं बाबांच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं.

"बोलून काहून नाही राहिला?"

"चलानातला फोटो उघडा ना, बाबा," सुगत हळूच म्हणाला.

नागसेननं फोटो उघडला. सनरूफमधून कमरेपर्यंत बाहेर आलेली बाई त्याची सत्तरीची आई होती. पांढरे केस वाऱ्यावर मोकळे सुटले होते, दोन्ही हात वर होते आणि ती हसत होती. नागसेनचे वडील गेले तेव्हापासून वर्षभर ती फाटकाबाहेरही पडली नव्हती.

त्यानं दोन बोटांनी फोटो मोठा केला.

आतल्या खोलीतून आईचा आवाज आला, "त्याले कायले बोलून राहिला गा? मीच म्हटलं होतं, अजून जोरात घे."