पिवळी रेघ

“ट्वायला, कमरेला हात नको.”

नेमबाजीच्या सरावगृहात हॅस्किन्स सर मागे येऊन उभे राहिल्याचं तिला कळलं नव्हतं. ती दचकली. कोटाखाली कमरेच्या होल्स्टरपर्यंत, पिस्तुलाच्या म्यानापर्यंत गेलेला हात रिकामाच बाहेर आला.

“पिस्तूल टेबलावरून उचलायचं, टेबलावरच ठेवायचं. कमरेवरून काढायचं नाही. भिंतीवर लिहिलंय ना?”

“शनिवारी तो सुटतोय, सर.”

तो म्हणजे रँडल, तिचा नवरा. दहा महिने तुरुंगात होता. त्याने तिच्या पाचशे फुटांच्या आत येऊ नये, असा कोर्टाचा कागद तिच्या पर्समध्ये होता. घडी उलगडून उलगडून तो मधोमध फाटला होता.

शेजारच्या, नेम धरायच्या खिडकीतल्या ओटिसने कानांवरचं कवच सरकवलं. “सर, हिच्या नवऱ्याला निरोप धाडा. येताना टेबल घेऊन ये म्हणावं. आणि दोन गोळ्यांच्या मध्ये दोन सेकंद थांब. नियम आहे.”

“कमरेवरून पिस्तूल काढताना मागच्या वर्षी कोणी स्वतःच्याच मांडीत गोळी घातली होती, ओटिस?”

ओटिस मांडी चोळत आपल्या नेमाच्या कागदाकडे वळला. पुढच्याच गोळीला त्याचं पिस्तूल अडकलं. काय झालं ते दाखवायला तो पिस्तुलासकट सरांकडे फिरू लागला.

“खाली ठेवा. मागे व्हा.”

सरांचा आवाज चढला नाही, पण पाचही खिडक्यांपर्यंत पोहोचला. पिस्तुलं टेबलांवर गेली. माणसं दोन पावलं मागे सरली, जमिनीवरच्या पिवळ्या रेघेपलीकडे. रिकामे हात दिसतील असे पुढे धरून सगळे उभे राहिले. ट्वायला सगळ्यांत आधी. गेले चाळीस गुरुवार ती न चुकता येत होती आणि दर वेळी तीच पहिली असे. सहावीत सरांच्या वर्गात होती, तेव्हाही घंटा झाली की पेन्सिल सगळ्यांआधी तिचीच खाली.

“शाब्बास, ट्वायला,” सर म्हणाले. मग त्यांनी ओटिसचं पिस्तूल मोकळं करून दिलं.

ते परत आले तेव्हा ती रेघेमागेच उभी होती. रिकामे हात अजूनही पुढे धरलेले.

“घरात टेबल नसतं, सर. म्हणजे असतं, पण त्याच्यावर जेवणाच्या ताटल्या असतात.”

सरांनी थोडा वेळ तिच्या हातांकडे पाहिलं. “मागच्या वर्गात चल. गोळ्या इथेच राहू देत. पिस्तूलही माझ्याजवळ दे.”

मागच्या वर्गात एक लांब टेबल होतं, बाकं होती, खडू होते. सरांनी कपाटातून लाल प्लास्टिकचं पिस्तूल काढलं. त्यातून काहीच सुटत नव्हतं. तरीही तिने नळीत पाहिलं, बोट घालून पाहिलं, मग ते होल्स्टरमध्ये सरकवलं.

“मी दारातून येतो. मी रँडल. घाई करू नकोस. आधी कोट बाजूला, मग मूठ, मग वर.”

पहिल्या वेळी कोट अडकला. दुसऱ्या वेळीही. तिसऱ्या वेळी पिस्तूल हातातून निसटून फरशीवर आपटलं आणि तिने दोन्ही हातांनी डोकं झाकलं.

“काही नाही झालं. पडू दे. उचल.” भागाकार चुकला की सर असंच म्हणायचे.

सातव्या वेळी सर दारातून तीन पावलं आत आले, टेबलापर्यंत, आणि लाल नळी थेट त्यांच्या छातीवर रोखलेली होती. हात स्थिर. श्वास चालू. दीड सेकंदसुद्धा लागला नसेल.

“आता कसं,” सर म्हणाले. “आता खरंखुरं करू. तो काय बोलतो? ओरडतो?”

“नाही.” तिने पिस्तूल परत म्यान केलं. “तो ओरडत नाही. हळू बोलतो. माझ्या हातात काहीही असो, फोन असो, सुटकेस असो. म्हणतो, ट्वायला, ते खाली ठेव.”

“बरं.”

सर बाहेर गेले. दार लागलं. ट्वायला एकटीच उभी राहिली. भिंतीपलीकडे कोणीतरी गोळ्या झाडत होतं, नियमाप्रमाणे, एकेक, मध्ये दोन सेकंद सोडून.

दाराची मूठ फिरली. सर आत आले. एक पाऊल, दोन. तिसऱ्या पावलाआधीच नळी त्यांच्या छातीवर होती. सातव्या वेळेपेक्षाही झटकन.

सर टेबलापाशी थांबले. ते हळू आवाजात म्हणाले, “ट्वायला, ते खाली ठेव.”

तिने ठेवलं.

टेबलावर, अलगद, नळी भिंतीकडे करून. मग ती दोन पावलं मागे सरली आणि रिकामे हात पुढे धरून उभी राहिली. या वर्गातल्या फरशीवर पिवळी रेघ नव्हती. तरी रेघ जिथे असायची, बरोबर त्याच्या मागे जाऊन ट्वायला थांबली होती.

पलीकडे एक गोळी सुटली. मग दुसरी.

ट्वायला त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. दर गुरुवारी ते ‘शाब्बास’ म्हणत, आणि ती त्याचीच वाट बघत होती. मग तिची नजर टेबलाकडे गेली. पिस्तूल तिच्यापासून दोन पावलांवर होतं. रँडलच्या जागी उभ्या असलेल्या सरांना ते घ्यायला नुसता हात लांब करणं पुरेसं होतं.